अतिप्रवाही हेलियमचा बाह्य विक्षोभांना प्रतिसाद: अभ्यासाची सुरुवात कुठून करावी?

आपला प्रश्न असा आहे: सुमारे २.१७ केल्व्हिनच्या खाली द्रव हेलियम अतिप्रवाही होतो, म्हणजे त्याची श्यानता (वाहताना जाणवणारे अंतर्गत घर्षण) नाहीशी होते, असे पुस्तके सांगतात, मग त्याच द्रवातून जाणारा न्यूट्रॉन ऊर्जा गमावून बाहेर कसा येतो? आणि पदव्युत्तर प्रबंधासाठी या द्रवाच्या प्रतिसादाचा सैद्धांतिक अभ्यास करायचा असेल, तर ग्रॉस–पिटायेव्हस्की समीकरण (साऱ्या अणूंसाठी एकच तरंग-फलन मानणारे), लान्डाऊचा दोन-द्रव सिद्धांत (द्रवाला सामान्य आणि अतिप्रवाही असे दोन घटक मानणारा) आणि रेषीय प्रतिसाद सिद्धांत (दुर्बळ विक्षोभाच्या प्रमाणात द्रव किती बदलतो हे सांगणारा) यांपैकी कशापासून सुरुवात करावी? हे प्रश्न दोन दिसत असले तरी माझ्या मते ते एकच आहेत. ‘श्यानता नाही’ याचा अर्थ आपण ‘प्रतिसाद नाही’ असा घेतला आहे आणि गोंधळाचे मूळ तिथे आहे. अतिप्रवाही हेलियम प्रतिसाद देतो, आणि चांगला जोरकस देतो. मात्र त्याला कोणत्या दिशेने, किती लांबीच्या आणि किती वारंवारतेच्या विक्षोभाने छेडले यावर तो प्रतिसाद इतका अवलंबून असतो की, ‘हेलियमचा प्रतिसाद किती?’ हा प्रश्न अपुराच राहतो.

म्हणून आधी प्रश्न पूर्ण करून घेऊ. समजा, द्रवावर एक दुर्बळ बाह्य विभव लावले आहे. ते अवकाशात ठरावीक तरंगलांबीने आणि काळात ठरावीक वारंवारतेने बदलते. विभव दुर्बळ असेल, तर द्रवाच्या घनतेतही त्याच तरंगलांबीची आणि त्याच वारंवारतेची लाट उठते, आणि या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे घनता-प्रतिसाद फलन. या फलनाला दोन भाग असतात. वास्तव भाग द्रव किती दबतो, किती हलतो हे सांगतो. काल्पनिक भाग द्रव किती ऊर्जा शोषून घेतो हे सांगतो. शोषण कुठे होते हे जाणणे म्हणजे द्रवात कोणकोणती उत्तेजने, म्हणजे ऊर्जा घेऊन उठणाऱ्या हालचाली, उपलब्ध आहेत हे जाणणे. बाह्य विभव घनतेऐवजी प्रवाहाशी जोडलेले असेल तर त्याच पद्धतीने प्रवाह-प्रतिसाद फलन मिळते, आणि अतिप्रवाहितेची खरी ओळख या दुसऱ्या फलनात दडलेली आहे. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

न्यूट्रॉनचे कोडे घनता-प्रतिसादाने सुटते. न्यूट्रॉन आणि हेलियमचे अणुकेंद्र यांच्यातील आंतरक्रिया अतिशय लघुपल्ल्याची आणि प्रकीर्णनाच्या दृष्टीने दुर्बळ असते. हेलियम-४ च्या अणुकेंद्राला आभ्राम (स्पिन) नसल्यामुळे प्रकीर्णन निव्वळ सुसंगत असते, म्हणजे सर्व अणूंकडून येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात. त्यामुळे किती न्यूट्रॉन किती संवेग आणि किती ऊर्जा देऊन बाहेर पडले याची नोंद म्हणजे घनता-प्रतिसादाच्या काल्पनिक भागाचेच, पर्यायाने गतिक संरचना फलनाचे (द्रव कोणता संवेग आणि कोणती ऊर्जा किती प्रमाणात घेतो हे सांगणाऱ्या फलनाचे), थेट मोजमाप ठरते. व्हान होव्ह यांनी १९५४ मध्ये हा संबंध मांडला. कोहेन आणि फाइनमन यांनी १९५७ मध्ये हेलियमसाठी नेमका हा प्रयोग सुचवला आणि पुढच्या काही वर्षांतच लान्डाऊने १९४७ मध्ये केवळ औष्णिक गुणधर्मांवरून अंदाजलेला ऊर्जा-संवेग वक्र न्यूट्रॉनांनी बिंदू-बिंदू करून दाखवला. सुरुवातीला फोनॉनची, म्हणजे ध्वनिलहरींच्या क्वांटमची, सरळ रेषा, तिचा चढ म्हणजे ध्वनीचा सेकंदाला सुमारे २३८ मीटर हा वेग. मग एक शिखर. आणि मग प्रति आंगस्ट्रॉम १.९२ या तरंगसंख्येपाशी (तरंगसंख्या म्हणजे २π भागिले तरंगलांबी) सुमारे ८.६५ केल्व्हिन ऊर्जेची (ऊर्जा येथे तापमानाच्या एककात दिली आहे) दरी; तिच्या आसपासच्या उत्तेजनांना रोटॉन म्हणतात. न्यूट्रॉन ऊर्जा गमावतो ती हे फोनॉन आणि रोटॉन निर्माण करण्यात. श्यानतेशी त्याचा संबंध नाही.

सैद्धांतिक काम करणाऱ्याने सर्वाधिक वेळ द्यावा अशी जागा या वक्राच्या आकलनात आहे. फाइनमन यांनी १९५४ च्या सुमारास एक विलक्षण साधे सूत्र काढले: उत्तेजनाची ऊर्जा म्हणजे एकट्या मुक्त अणूची त्या तरंगसंख्येला असणारी प्रतिक्षेप-ऊर्जा (तेवढा संवेग मिळाल्यावर त्याला येणारी गतिज ऊर्जा) भागिले द्रवाचे स्थिर संरचना फलन (अणू एकमेकांच्या सापेक्ष कसे मांडलेले आहेत हे सांगणारे). रोटॉनपाशी प्रतिक्षेप-ऊर्जा सुमारे २२ केल्व्हिन येते आणि संरचना फलन १.३ च्या आसपास असते, म्हणजे उत्तर सुमारे १७ केल्व्हिन. दरी योग्य जागी मिळते, पण तिची उंची खऱ्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट. फाइनमन आणि कोहेन यांनी १९५६ मध्ये पुढे सरकणाऱ्या अणूभोवती इतर अणू मागे वळून वाट करून देतात हा परतप्रवाह हिशेबात घेतला, तेव्हा आकडा ११.५ केल्व्हिनपर्यंत उतरला.

हे सूत्र पाठ करण्यापेक्षा ते का चुकते हे समजून घेणे मला जास्त मोलाचे वाटते, आणि त्यासाठी बेरीज-नियम हाताशी हवेत. गतिक संरचना फलनाला ऊर्जेने गुणून सर्व ऊर्जांवर बेरीज केली, तर उत्तर केवळ प्रतिक्षेप-ऊर्जेएवढे येते. अणू एकमेकांना कसे ढकलतात याचा त्यात मागमूसही नसतो. नुसतीच बेरीज केली तर स्थिर संरचना फलन मिळते. ऊर्जेने भागून बेरीज केली तर स्थिर विभवाला द्रव किती दबतो ते मिळते, आणि लांब तरंगलांबीच्या सीमेला ती किंमत ध्वनीच्या वेगावरून ठरते. फाइनमनचे सूत्र म्हणजे पहिल्या बेरजेला दुसरीने भागणे. सर्व शोषण एकाच ऊर्जेला होत असते तर हे गुणोत्तर अचूक ठरले असते. प्रत्यक्षात रोटॉनच्या तरंगसंख्येलाही शोषणाचा काही भाग दोन किंवा अधिक उत्तेजने एकदम निर्माण होण्यात जातो. हा भाग उंच ऊर्जांवर पसरलेला असतो, आणि पहिल्या बेरजेत ऊर्जेने गुणायचे असल्यामुळे हे दूरचे शेपूट सरासरीला वर खेचते. तिसरी बेरीज वापरली तर उलट घडते: ऊर्जेने भागल्यामुळे खालच्या उत्तेजनांचे वजन वाढते आणि दुसऱ्या बेरजेला तिसरीने भागून मिळणारी मर्यादा खऱ्या किमतीच्या अधिक जवळ येते. शून्य तापमानाला ही सारी गुणोत्तरे किमान उत्तेजन-ऊर्जेच्या वरच राहतात आणि त्यांचा उतरता क्रमही ठरलेला असतो. लांब तरंगलांबीच्या टोकाला मात्र बहुविध उत्तेजनांचा वाटा इतक्या वेगाने घटतो की, एकटा फोनॉन पहिला बेरीज-नियम पुरा करतो. म्हणूनच फाइनमनचे सूत्र तिथे अचूक ठरते.

माझ्या कामात कोणत्याही नव्या गणनेची पहिली परीक्षा या तीन बेरजांनी होते. पद्धत कितीही आकर्षक असो, पहिली बेरीज प्रतिक्षेप-ऊर्जेशी जुळत नसेल तर कणांचे जतन कुठेतरी मोडले आहे, आणि तिसरी बेरीज ध्वनीच्या वेगाशी जुळत नसेल तर समतोल अवस्थाच चुकीची घेतली आहे. आलेखावर सुंदर दिसणारे शिखर या परीक्षेत नापास झालेले मी अनेकदा पाहिले आहे. विशेषतः पथ-संकल मॉन्टे कार्लो पद्धतीने (अणूंच्या संभाव्य मार्गांचे यादृच्छिक नमुने घेऊन) गणना करणार असाल तर सावध राहा. ती पद्धत काल्पनिक काळातील (काळ काल्पनिक संख्या मानून काढलेले) सहसंबंध उत्तम अचूकतेने देते, पण तिथून खऱ्या वारंवारतेकडे परतताना अगदी छोट्या सांख्यिकीय त्रुटी प्रचंड वाढतात, तीक्ष्ण शिखरे पसरट होतात आणि जवळजवळची दोन शिखरे एक होऊन जातात. स्थिर प्रतिसादाला ही अडचण नाही, कारण त्यासाठी परतीचा प्रवास करावाच लागत नाही. मोरोनी, सेपर्ली आणि सेनातोरे यांनी १९९२ मध्ये शून्य तापमानाच्या हेलियमचा स्थिर घनता-प्रतिसाद मॉन्टे कार्लोने काढून दाखवला, आणि माझ्या मते नवशिक्याने पडताळण्यासाठी तो आदर्श नमुना आहे.

आता ‘श्यानता नाही’ या विधानाकडे. द्रवातून एक जड कण स्थिर वेगाने जातो आहे असे समजा. त्याच्या दृष्टीने प्रत्येक तरंगसंख्येसाठी वारंवारता ठरलेलीच असते: वेग गुणिले तरंगसंख्या, किंवा दिशा तिरकी असल्यास त्याहून कमी. म्हणजे ऊर्जा-संवेगाच्या आलेखावर उगमातून निघणारी एक सरळ रेषा काढायची, आणि तिच्यावर किंवा तिच्या खाली कुठेही शोषण असेल तरच कणाला अवरोध जाणवेल. शून्य तापमानाला हेलियममध्ये ही रेषा रोटॉनच्या दरीला स्पर्श करेपर्यंत शोषणाचा पत्ताच नसतो, आणि तो स्पर्श सेकंदाला सुमारे ५८ मीटर या वेगाला होतो. लान्डाऊचा प्रसिद्ध निकष म्हणजे प्रतिसाद फलनाविषयीचे हेच विधान आहे. येथे द्रव प्रतिसाद देत नाही असे नव्हे. कणाभोवतीची घनता बदलते, त्याचे प्रभावी वस्तुमान (हलवताना जाणवणारे वस्तुमान) वाढते, म्हणजे वास्तव भाग आपले काम करत असतो. काल्पनिक भाग तेवढा शून्य असतो.

याच विचाराचा मला अतिशय प्रिय असलेला पुरावा १९९८ मधला आहे. ग्रेबेनेव्ह, टोनीस आणि विलेसोव्ह यांनी हेलियमच्या सूक्ष्म थेंबांत कार्बोनिल सल्फाइडचा एकेक रेणू बसवला. हेलियम-४ च्या थेंबात तो रेणू जवळजवळ मोकळेपणाने फिरत असल्याचे वर्णपटाच्या तीक्ष्ण रेषांवरून दिसले. त्याहून थंड असलेल्या हेलियम-३ च्या (हेलियमचे हलके समस्थानिक, जे या तापमानाला अतिप्रवाही नसते) थेंबात त्याच रेषा विरून एकच रुंद पट्टा झाला. आणि त्या थेंबात हेलियम-४ चे साठेक अणू रेणूभोवती जमले की रेषा पुन्हा स्पष्ट झाल्या. हेलियम-३ मध्ये कमी ऊर्जेला घेता येतील अशी उत्तेजने पुष्कळ असतात, हेलियम-४ मध्ये फारच थोडी असतात, आणि फिरणारा रेणू हा फरक जाणतो.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. रुंद नळीत किंवा कंप पावणाऱ्या मोठ्या वस्तूभोवती प्रवाह ५८ मीटरच्या कितीतरी आधी बिघडतो. कित्येकदा सेकंदाला काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटर वेगालाच. कारण तिथे क्वांटमित भोवरे (ज्यांचे अभिसरण ठरावीक पटींतच असू शकते असे) निर्माण होतात किंवा आधीच अडकून राहिलेले भोवरे ताणले जातात. भोवरा ही द्रवाच्या अवस्थेची पूर्ण फेरमांडणी आहे. दुर्बळ विभवाच्या प्रमाणात उठणाऱ्या लाटेच्या हिशेबात ती बसत नाही आणि कोणत्याही रेषीय प्रतिसाद फलनात दिसत नाही. रेफील्ड आणि राइफ यांनी १९६४ मध्ये दाखवले की, द्रवातून विद्युत क्षेत्राने ओढलेले आयन भोवऱ्याच्या वलयांवर स्वार होतात, आणि वलयाची ऊर्जा वाढेल तसा त्याचा वेग कमी होतो. पुढे १९७७ मध्ये उंच दाबाखाली ऋण आयन वापरून ॲलम, मॅक्लिंटॉक, फिलिप्स आणि बाउली यांनी आयनांचा वेग लान्डाऊच्या मर्यादेपलीकडे नेला आणि अवरोध नेमका त्या मर्यादेपाशी सुरू होतो हे मोजले. तेव्हा कोणता अडथळा आधी येईल हे वस्तूच्या आकारावर, दाबावर आणि भोवरे आधीपासून आहेत की नाहीत यावर अवलंबून आहे. आपल्या प्रश्नात यातले काहीच सांगितलेले नसल्यामुळे याहून नेमके उत्तर देणे योग्य होणार नाही.

आता प्रवाह-प्रतिसाद. एका लांब नळीत द्रव भरला आहे आणि ती नळी अतिशय सावकाश आपल्याच लांबीच्या दिशेने सरकवली जात आहे, असे डोळ्यांसमोर आणा. नळीची दोन्ही टोके बंद असतील तर द्रवाला पर्याय नसतो. टोके त्याला ढकलतात आणि सगळा द्रव सोबत जातो. टोके उघडी असतील तर द्रवाला ओढणाऱ्या फक्त बाजूच्या भिंती उरतात. साधा द्रव दोन्ही वेळा पुरता नळीबरोबर जातो. अतिप्रवाही हेलियम मात्र दुसऱ्या वेळी अंशतःच जातो, आणि जो अंश जातो त्यालाच आपण सामान्य घटक म्हणतो. गणिती भाषेत पहिली स्थिती म्हणजे अनुदिश प्रवाह-प्रतिसाद आणि दुसरी म्हणजे आडवा प्रवाह-प्रतिसाद, दोन्ही शून्य वारंवारतेला आणि तरंगसंख्या शून्याकडे जाताना. अनुदिश प्रतिसाद नेहमी एकूण घनतेएवढा येतो, कारण तो वर सांगितलेल्या पहिल्या बेरीज-नियमाचेच दुसरे रूप आहे. आडवा प्रतिसाद सामान्य घटकाची घनता देतो. त्या दोघांतील फरक हीच अतिप्रवाही घनता. साध्या द्रवात हा फरक शून्य असतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी या दोन दिशा वेगळ्या ठेवण्याचे महत्त्व एका चुकीतून शिकलो. आवर्ती सीमा असलेल्या पेटीतील (एका बाजूने बाहेर गेलेला अणू समोरच्या बाजूने आत येतो अशा) गणनेत सांख्यिकी सुधारावी म्हणून मी प्रवाहाच्या तिन्ही घटकांची सरासरी घेतली, आणि तापमान कितीही उतरवले तरी सामान्य घटक एक तृतीयांशाच्या खाली जाईना. कित्येक आठवडे मी अणूंमधील विभवात दोष शोधत राहिलो. कारण अगदी साधे होते: तीन घटकांपैकी एक अनुदिश होता आणि तो आपला पूर्ण वाटा नियमाप्रमाणे देतच राहणार होता, उरलेले दोन आडवे होते आणि ते शून्याकडे गेले होते. म्हणून आपल्याला आग्रहाने सांगतो की, तरंगसंख्येची दिशा आणि प्रवाहाची दिशा यांची नोंद गणनेच्या प्रत्येक ओळीत ठेवा, आणि तरंगसंख्या थेट शून्य न घेता सर्वांत लहान उपलब्ध किमतींवरून शून्याकडे जा.

या व्याख्येचा प्रयोगांशी संबंध अगदी थेट आहे. आंद्रोनिकाश्विली यांनी १९४६ मध्ये जवळजवळ बसवलेल्या चकत्यांची चळत हेलियममध्ये पिळावर्ती (पीळ घेत मागेपुढे फिरणाऱ्या) दोलनात ठेवली आणि दोलनकाळावरून किती द्रव चकत्यांबरोबर फिरतो हे मोजले. ते मोजमाप आडव्या प्रतिसादाचेच होते. हेस आणि फेअरबँक यांनी १९६७ मध्ये त्याहून खोल गोष्ट दाखवली: सावकाश फिरणाऱ्या भांड्यातील द्रव फिरत असतानाच संक्रमण-तापमानाखाली थंड केला, तर त्याचा अतिप्रवाही भाग आपले परिभ्रमण सोडून देतो. पात्र फिरते, द्रव थांबतो. नुसत्या ‘घर्षण नाही’ या कल्पनेने हे समजत नाही, कारण घर्षण नसते तर आधीपासून फिरणारा द्रव फिरतच राहिला असता. येथे द्रव समतोलात असूनही फिरायचे नाकारतो; हे आडव्या प्रतिसादाच्या अभावाचे लक्षण आहे, आणि मला स्वतःला या साऱ्या विषयातील हा सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

यातूनच आणखी एक गैरसमज दूर होतो. शून्य तापमानाच्या जवळ हेलियमचा जवळजवळ संपूर्ण भाग अतिप्रवाही असतो. १ केल्व्हिनलाच सामान्य घटक एक टक्क्याहून कमी उरलेला असतो. तरीही शून्य संवेगाच्या अवस्थेत असणाऱ्या अणूंचा संघनित अंश मात्र दहा टक्क्यांपर्यंतही पोहोचत नाही; पेनरोज आणि ऑनसागर यांनी १९५६ मध्ये तो सुमारे आठ टक्के असल्याचा अंदाज केला होता आणि नंतरच्या गणनाही त्याच आसपास आहेत. अतिप्रवाही घनता म्हणजे काही अणूंची मोजदाद नव्हे. ती प्रतिसादाची किंमत आहे. ‘कोणते अणू अतिप्रवाही आहेत?’ हा प्रश्न म्हणूनच विचारू नये.

तापमान वाढले की काय होते ते थोडक्यात सांगतो. विक्षोभाची वारंवारता उत्तेजनांच्या परस्पर टकरींच्या दरापेक्षा खूपच कमी असेल तर दोन-द्रव सिद्धांत लागू होतो आणि घनतेच्या ध्वनीबरोबर दुसरा ध्वनी, म्हणजे तापमानाची लाट, मिळते, १.७ केल्व्हिनच्या आसपास तिचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असतो. वारंवारता टकरींच्या दरापेक्षा खूप जास्त असेल, जशी न्यूट्रॉनांच्या बाबतीत असते, तर दोन-द्रव सिद्धांताचा आधार सुटतो आणि एकेका उत्तेजनाचा विचार करावा लागतो. घनतेला छेडून दुसरा ध्वनी जवळजवळ दिसतच नाही, कारण हेलियमचे औष्णिक प्रसरण अतिशय कमी असल्याने घनता-प्रतिसादात त्याचा वाटा नगण्य असतो. लिफशिट्झ यांनी १९४४ मध्ये नेमके हेच दाखवून दिले की, ही लाट उठवायची तर पृष्ठभाग हलवण्यापेक्षा तो आळीपाळीने तापवावा. आणि पेश्कोव्ह यांनी त्याच वर्षी तापकाच्या साहाय्याने ती पकडली. लाट पहिल्यापासून द्रवात होतीच. छेडण्याचे साधन चुकीचे होते.

आता प्रबंधाविषयी. ग्रॉस–पिटायेव्हस्की समीकरण विरल वायूसाठी आहे. हेलियममध्ये अणूंमधील सरासरी अंतर साडेतीन आंगस्ट्रॉमच्या आसपास आणि अणूचा कठीण गाभा अडीच आंगस्ट्रॉमच्या आसपास असल्यामुळे विरलतेची अट मुळीच पाळली जात नाही. साध्या स्थानिक आंतरक्रियेच्या त्या समीकरणातून फोनॉन मिळतो, भोवरा मिळतो, रोटॉन मिळत नाही. भोवऱ्यांच्या हालचालींचे गुणात्मक चित्र हवे असेल तर ते अवश्य वापरा. ऊर्जा-संवेग वक्राविषयी त्यावरून निष्कर्ष काढू नका. थेंब, पृष्ठभाग, अशुद्ध रेणू अशा असमांगी परिस्थितीत काळावर अवलंबून असणारे घनता-फलनक (द्रवाची ऊर्जा त्याच्या घनतेवरून काढणारे सूत्र) उपयोगी पडते. ऑर्से आणि ट्रेन्टो येथील गटांनी १९९५ मध्ये मांडलेल्या फलनकात स्थिर प्रतिसाद आणि रोटॉनची दरी ही दोन्ही प्रयोगाशी जुळतील अशी रचना मुद्दाम केलेली आहे. त्यामुळे रोटॉन मिळाला म्हणून त्याला भाकीत समजू नये, तो आत घातलेला आहे. मूळ आंतरक्रियेपासून वक्र काढायचा असेल तर सहसंबंधित तरंग-फलनांची (अणूंचे परस्परसंबंध सुरुवातीपासूनच सामावून घेणाऱ्या) परंपरा किंवा मॉन्टे कार्लो यांच्याकडे वळावे लागेल, आणि त्याला वेळ लागेल.

एक वर्षाचा प्रबंध असेल तर मी विद्यार्थ्यांना पुढील क्रम देतो. प्रथम शून्य तापमानाला रेषीय प्रतिसादाचे तीन बेरीज-नियम स्वतः सिद्ध करा. त्यानंतर प्रयोगातून मिळालेले स्थिर संरचना फलन घेऊन फाइनमनचा वक्र काढा, त्याच आलेखावर न्यूट्रॉनांनी मोजलेला वक्र ठेवा, आणि स्थिर प्रतिसादाच्या मदतीने वरची मर्यादा किती खाली आणता येते ते पाहा. मग मोजलेल्या वक्रावरून फोनॉन आणि रोटॉन यांचा वायू गृहीत धरून लान्डाऊच्या सूत्राने सामान्य घटकाची घनता तापमानानुसार काढा आणि ती आंद्रोनिकाश्विली यांच्या प्रकारच्या मोजमापांशी ताडून पाहा. सुमारे १.५ केल्व्हिनपर्यंत जुळणी चांगली दिसेल. त्यापुढे उत्तेजने एकमेकांना इतकी जाणवू लागतात की स्वतंत्र वायूची कल्पना सैल पडते, आणि संक्रमणाच्या अगदी जवळ ती उपयोगाचीच राहत नाही. हे सर्व कागद, पेन्सिल आणि संख्यात्मक संकलनाच्या छोट्याशा आज्ञावलीत होण्यासारखे आहे. एवढे झाल्यावर आपला विक्षोभ कोणता, म्हणजे न्यूट्रॉन, आयन, रेणू, कंप पावणारी तार की तापलेला पृष्ठभाग, आणि तापमान व दाब किती, हे कळवा. भोवरे टाळता येतील अशी परिस्थिती असेल तर शोषण-फलनावरून अवरोध कसा काढावा हे मी पायरीपायरीने लिहीन. आणि तार जोरात कंप पावणारी असेल तर रेषीय सिद्धांत बाजूला ठेवून भोवऱ्यांपासूनच सुरुवात करावी लागेल.